कुंडीतली कळलावी : फूल देखणे, कंद घातक

श्रावण लागला की मालवणच्या किनारपट्टीवर गडग्यांवर, वईंवर कळलावी फुलू लागते. तिच्या पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी आणि शेवटी लालभडक होतात. काही ठिकाणी तिला ‘गौरीचे हात’ असेही म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा.

कोकणात पावसाबरोबर आपोआप उगवणारी ही वेल थंड देशांत मात्र हरितगृहात, कुंडीत जपावी लागते. हिवाळ्यात तिचे पाणी तोडून कंद कोरडा ठेवतात आणि वसंतात पुन्हा ऊब व पाणी देतात. म्हणजे कोकणातला कोरडा काळ आणि पावसाळा तिथे काचेखाली उभा करावा लागतो.

मालवणच्या अंगणात हे काम निसर्गच करतो. कुंडी खोल आणि खाली भोके असलेली घ्यावी. मातीत वाळू मिसळावी, नाहीतर कंद कुजतो. कंद ‘व्ही’ आकाराचा आणि ठिसूळ असतो. कोंब त्याच्या टोकाला असतो. टोक मोडले तर तो सहसा उगवत नाही. मे अखेरीस कंद दोन-तीन इंच खोल, आडवा लावावा. पानांची टोकेच तणाव्यासारखी वळून आधार धरतात. त्यामुळे काठी किंवा जाळी द्यावी, नाहीतर वेल जमिनीवर लोळते. पावसाळ्यानंतर ती सुकते. तेव्हा वेल मेली समजून कुंडी रिकामी करू नये. पाणी थांबवावे, कंद पुढच्या पावसापर्यंत झोपलेला असतो.

खरी काळजी वेगळीच आहे. या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन हे द्रव्य असते. गाऊटवर डॉक्टर ते अगदी मोजक्या मात्रेत देतात. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते, ती याच औषधामुळे. पण कोल्चिसीन पेशींचे विभाजन रोखते. त्यामुळे जास्त मात्रेत आतडी आणि अस्थिमज्जा आधी सापडतात. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. पुढच्या दिवसांत रक्तपेशी घटतात, अवयव निकामी होऊ शकतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही. कंद शिजवला तरी विष जाईल याची खात्री नसते.

म्हणून करांदा किंवा कणगर समजून अनोळखी कंद खाऊ नये. प्रसूतीच्या कळा लवकर याव्यात म्हणून हा कंद वापरण्याची जुनी समजूत आहे. ‘कळलावी’ हे नाव त्यातूनच आले. तो प्रयोग जिवावर बेतू शकतो. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. कुंडी मुले व गुरांपासून दूर ठेवावी आणि तिच्यावर नाव लिहावे. सुकलेल्या हंगामात वर वेल दिसत नाही. कंद उकरून कोणी नेऊ नये, यासाठी ती पाटी हवीच. चुकून पोटात गेलाच, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि वेलीचा तुकडा सोबत न्यावा.