पत्रक छापण्यापूर्वीचे मुद्रितशोधन

आषाढी एकादशीस वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरी भाविकांची रीघ लागते. त्या गर्दीत वाटण्यासाठी वर्षाऋतुचर्येचे एकपानी पत्रक काढण्याचा प्रघात प्रस्तुत लेखकाने काही वर्षे पाळला. एका वर्षी ‘अपथ्य’ या मथळ्यातील ‘अ’ चौकटीच्या रेषेआड गेला. दोन्ही चौकटी ‘पथ्य’ झाल्या आणि दिवास्वाप हितकर ठरला! प्रमेहाचा एक वृद्ध रुग्ण पंधरवड्याने आला, तो दुपारची झोप नेमाने घेऊनच. मुद्रकास बोल लावता आला नाही. अंतिम मुद्रित मी स्वतः तीन वेळा वाचून त्यावर स्वाक्षरी केली होती.

लेखकास आपला मजकूर पाठ असतो. कागदावर अक्षर नसले तरी मन ते पुरवते; म्हणून चौथ्यांदा वाचूनही तो ‘अ’ मला सापडला नसता. मूळ हस्तलिखित एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून ताडून पाहावे, ही जुन्या छापखान्यांतील रीत याच कारणाने उपयोगी पडते. हा दुसरा वाचक वैद्य नसला तर अधिक बरे. वैद्य अर्थ वाचतो, इतर माणूस अक्षर वाचतो.

ही शिस्त आपणांस परकी नाही. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली, मुंबईच्याच निर्णयसागर मुद्रणालयाने १९४१ मध्ये छापलेली चक्रपाणिटीकेसहित चरकसंहिता उघडून पाहावी. तळटीपांतील पाठभेद पाहिले की एकेका अक्षरासाठी किती श्रम घेतले असतील, हे ध्यानी येते. शिवाय ग्रंथास मागाहून शुद्धिपत्र जोडता येते. हातोहात गेलेल्या पत्रकास ती सोय नाही.

सर्वाधिक जपावे ते मात्रेस. एक गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम, त्यातील ‘मि.’ गळला की मात्रा सहस्रपट होते. देवनागरी ‘१’ व ‘९’ बारीक टंकात एकमेकांसारखे दिसतात, यास्तव मात्रा अंकांत व अक्षरांत अशी दुहेरी छापावी. ‘मध’ व ‘मद्य’, ‘माष’ व ‘माप’ या जोड्या संगणकाची शुद्धलेखन तपासणी पकडीत नाही, कारण चुकून पडलेला शब्दही भाषेत शुद्धच असतो. ‘शुद्ध वत्सनाभ’ यातील ‘शुद्ध’ गळणे तर केवळ मुद्रणदोष म्हणून सोडून देता येणार नाही. गर्भिणीने घेऊ ‘नये’ यातील ‘नये’ ओळीच्या शेवटी एकाकी पडत नाही ना, हेही पाहावे.

औषधालयाच्या चालकांनी वेष्टनाचा मजकूरही याच रीतीने ताडावा. अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या आभ्यंतर औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत असणे नियम १६१ अन्वये आवश्यक आहे. वेष्टनाचा आकार बदलताना अशी एखादी ओळ वगळली जाण्याचा संभव असतो.

जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार व जोडाक्षरे बिघडतात. म्हणून संगणकाच्या पडद्यावर नव्हे, तर रूपांतरानंतर कागदावर काढलेल्या प्रतीवरच अखेरचे शोधन व्हावे. आमच्या दवाखान्यात हल्ली ते काम औषधांच्या पुड्या बांधणाऱ्या मदतनीस बाई करतात. गेल्या पत्रकात त्यांनी सात चुका काढल्या. त्यांतील चार माझ्या हस्तलिखितातच होत्या.