माहिती साठवायची कशावर?

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असे जाताना एमआयडीसीच्या पट्ट्यात काही मोठ्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात आता डेटा सेंटर उभी राहिली आहेत. पुढे पनवेलजवळही जुलै २०२० मध्ये असेच एक प्रचंड केंद्र सुरू झाले. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि औद्योगिक वसाहतीत जागा व वीज मिळते, म्हणून ही केंद्रे नवी मुंबईत आली. बँकेतला व्यवहार, रेल्वेचे तिकीट, फोनमधून पाठवलेला फोटो हे सारे अशाच कुठल्या तरी इमारतीतल्या सर्व्हरवर जाऊन बसते.

या सर्व्हरमध्ये माहिती कशावर साठवतात? फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर, न फिरणाऱ्या एसएसडीवर आणि काही ठिकाणी चक्क चुंबकीय फितीवरही. तिन्ही साधने एकाच वेळी वापरात आहेत. शाळेसाठी संगणक घ्यायचा झाला की शिक्षक मित्र आम्हाला विचारतात, “यातले चांगले कोणते?” या प्रश्नाला उत्तर नाही. “कोणत्या कामाला चांगले?” असे विचारले, तर मात्र उत्तर अगदी स्पष्ट देता येते.

शाळेपुरती तीन कामे डोळ्यासमोर ठेवू. पहिले, संगणक कक्षातले रोजचे काम. दुसरे, सीसीटीव्हीचे चित्रीकरण. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांना कॅमेरे सक्तीचे केल्यापासून हा प्रश्न बऱ्याच मुख्याध्यापकांपुढे आला आहे. आणि तिसरे, प्रवेश-निर्गम नोंदवही, म्हणजे कायम जपायचे दप्तर.

वेळ कुठे जातो?

हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. थरातल्या अतिसूक्ष्म भागांचे चुंबकन एका दिशेने किंवा उलट दिशेने करून ० आणि १ लिहिले जातात. ते वाचणारे टोक तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जाते. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंतराची कल्पना करा. चालू डिस्कला धक्का का बसू द्यायचा नाही, हेही त्यावरून कळेल. इतके क्षीण चुंबकन वाचता यावे यासाठी ज्या शोधाचा उपयोग झाला, तो १९८८ साली आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे लावला. त्यांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता थोडे गणित करू. संगणकातली नेहमीची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी टोक योग्य वर्तुळावर सरकायला ८-९ मिलिसेकंद जातात. एकूण झाले १२-१३ मिलिसेकंद. याचा अर्थ, माहिती विखुरलेली असेल तर डिस्क सेकंदाला सुमारे ८० तुकडेच वाचू शकते.

संगणक सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात. समजा ८,००० तुकडे वाचायचे आहेत. ८० च्या वेगाने १०० सेकंद लागतील. कक्षातला संगणक सुरू व्हायला तासिकेची पहिली पाच मिनिटे का खातो, त्याचे कारण बहुतेक वेळा इथे असते. पूर्वी सर्व्हरसाठी मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या डिस्क बनवत. त्यांचा अर्धा फेरा २ मिलिसेकंदांचा. सुधारणा झाली, पण यंत्राच्या हालचालीला मर्यादा असतेच.

पण तीच तबकडी सलग वाचली तर? टोक एका जागी, खालून माहितीचा ओघ. मग हीच डिस्क सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइट देते. थोडक्यात, हार्ड डिस्क सरसकट मंद नाही. ती शोधाशोधीत मंद आहे, सलग कामात नाही.

न फिरणारी साठवण

एसएसडीत हलणारा भागच नाही. यातल्या प्रत्येक सूक्ष्म घरात विद्युतरोधक थराने वेढलेला एक कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की वीज बंद झाल्यावरही ते अडकून राहतात. असा कप्पा १९६७ साली बेल लॅब्जमध्ये डॉवन कांग आणि सायमन झे यांनी सुचवला. १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी त्यातून फ्लॅश स्मृती घडवली.

इथे काही फिरायचे नसल्याने तुकडा कुठेही असला तरी साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येतो. आपले ८,००० तुकडे एका सेकंदाच्या आत वाचून होतील. संगणकाला इतरही कामे असतात, त्यामुळे तो लगेच एका सेकंदात सुरू होणार नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो. आठ-दहा वर्षांचे जुने संगणक टाकून देण्याआधी त्यांत एक लहान एसएसडी बसवून पाहावी, असे आम्ही नेहमी सांगतो. जुन्या संगणकात साटा पद्धतीची जोडणी असते. तिच्यावर एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट देते. नव्या संगणकातली एनव्हीएमई पद्धत याच्या कितीतरी पट वेगवान आहे, पण लेखन, आकडेमोड आणि शैक्षणिक कार्यक्रम यांसाठी साटा पुरते. शंभर माणसे एकाच वेळी प्रश्न विचारतात अशा सर्व्हरवर एनव्हीएमईचा वेग खरा कामी येतो.

या साधनाचे दुखणे वेगळे. लिहिलेले पुन्हा लिहायचे तर आधी ते पुसावे लागते, तेही एकेक घर नव्हे, एकदम मोठा गठ्ठा. प्रत्येक वेळी विद्युतरोधक थर थोडा झिजतो. शिवाय स्वस्ताईसाठी एकाच घरात अधिक माहिती कोंबतात. एका घरात एक बिट ठेवायचा तर विद्युतभाराच्या २ पातळ्या ओळखाव्या लागतात, तीन बिटांसाठी ८ आणि चार बिटांसाठी १६. मोजपट्टीवरच्या रेघा जवळजवळ आल्या की वाचताना चूक होण्याचा संभव वाढतो, तसेच हे. एक बिट ठेवणारे घर सुमारे लाखभर वेळा लिहिता येते. तीन बिटांच्या घराला हजार ते तीन हजार वेळा आणि चार बिटांच्या घराला त्याहून कमी.

हे ऐकून घाबरायचे कारण नाही. २५० गिगाबाइटच्या साध्या एसएसडीवर एकूण शंभरेक टेराबाइट लिहिता येईल, असे उत्पादक सांगतात. कक्षातल्या संगणकावर रोज १० गिगाबाइट लिहिले गेले असे धरा. १,००,००० भागिले १० म्हणजे १०,००० दिवस, जवळजवळ २७ वर्षे. तोवर संगणकच बाद झालेला असेल.

कॅमेऱ्यांचे गणित

सोळा कॅमेरे, प्रत्येकाचा प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट. एकूण ३२ मेगाबिट, म्हणजे ४ मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. तेव्हा दिवसाला ३४५.६ गिगाबाइट आणि तीस दिवसांना सुमारे १०.४ टेराबाइट. तीस दिवस झाले की जुने पुसून त्यावर नवे लिहायचे. हे काम सलग आहे, अखंड आहे आणि वेगाची गरज नगण्य आहे. इथे हार्ड डिस्कच हवी, कारण तेवढ्याच टेराबाइटसाठी एसएसडीला कित्येक पट पैसे पडतात. १२ टेराबाइटची एक डिस्क पुरेल. फक्त ती दिवसरात्र चालण्यासाठी बनवलेली असावी. (संगणकावर ती सुमारे १०.९ टेराबाइट दिसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १,०२४ च्या, म्हणून. यात कोणी फसवलेले नसते.)

हार्ड डिस्क घेताना एक प्रश्न जरूर विचारा. काही डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी माहितीची वर्तुळे एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखी. कौले एकापाठोपाठ चढवत जायला अडचण नसते, पण मधले एक बदलायचे तर वरची उचलावी लागतात. तसेच या डिस्कवर मधली माहिती बदलताना शेजारची वर्तुळेही पुन्हा लिहावी लागतात आणि काम रेंगाळते. प्रती काढून ठेवायला अशी डिस्क चालेल, वारंवार बदलणाऱ्या माहितीला नाही.

वीज गेली तर?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीजवाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा बराच भाग अंधारात गेला. अशा क्षणी काय होते? लिहायची माहिती आधी संगणकाच्या आणि ड्राइव्हच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबलेली असते. वीज गेली की ती नाहीशी होते, कधी कधी अर्धवट लिहिलेली फाइलही बिघडते. म्हणून सर्व्हरसाठीच्या एसएसडीत छोटे धारित्र बसवलेले असतात. वीज गेल्यावरही ते काही क्षण पुरवठा करतात आणि हातातले लिहून पूर्ण होते. साध्या एसएसडीत सहसा ही सोय नसते. डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर असतात. शाळेत निदान ज्या संगणकावर निकाल आणि फी यांची नोंद होते, त्याला यूपीएस हवाच.

एक बिघडली तरी काम चालू

दरवर्षी शंभरात एक-दोन हार्ड डिस्क बंद पडतात, असा मोठ्या केंद्रांचा अनुभव आहे. हे प्रमाण दीड टक्का धरले, तर एक लाख डिस्क असलेल्या केंद्रात रोज चार डिस्क बदलाव्या लागतील. तरी आपली माहिती जात नाही, ती कशी? वर्गात हा खेळ करून पाहा. चार विद्यार्थी उभे करा. तिघांना एकेक संख्या द्या: ५, ८ आणि ४. चौथ्याला बेरीज द्या: १७. आता कोणत्याही एकाला बाहेर पाठवा. उरलेल्या तिघांवरून त्याची संख्या वर्ग लगेच सांगेल. सर्व्हरमध्ये बेरजेऐवजी बिटांची सम-विषमता वापरतात, एवढाच फरक. या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली ती मांडली.

आता दोघांना बाहेर पाठवा. उत्तर मिळत नाही. १२ टेराबाइटची बदललेली डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने पुन्हा भरायला ६०,००० सेकंद, म्हणजे पावणेसतरा तास लागतात. तेवढ्यात दुसरी गेली तर? म्हणून मोठ्या केंद्रांत दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालेल अशी रचना करतात. आणखी एक प्रश्न वर्गाला विचारा: पाचऐवजी चुकून नऊ लिहिले आणि बेरीजही २१ केली, तर जुना पाच परत मिळेल का? मिळणार नाही. चुकून पुसलेली किंवा व्हायरसने बिघडवलेली फाइल ‘रेड’ परत देत नाही. त्यासाठी वेगळी प्रतच लागते.

पन्नास वर्षांनी वाचता येईल?

२०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या शाळांची दप्तरेही बाहेर निघाली. त्यांतली काही मोडीत होती. शाई फिकी झालेली, कागद पिवळा पडलेला, पण जाणकाराला वाचता येत होते. आजची नोंद पन्नास वर्षांनी अशी वाचता येईल का?

एसएसडी कपाटात ठेवून तर नाहीच. कप्प्यातले इलेक्ट्रॉन हळूहळू गळत असतात आणि उष्णतेने ही गळती वाढते. ठरलेली झीज पूर्ण झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सियसला, विजेविना, एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच प्रमाण अट आहे. वाशीतल्या बंद कपाटात मे महिन्यात तापमान याहून जास्त असते. नवी एसएसडी बरीच अधिक टिकते, पण तिच्यावर दप्तर सोपवू नये. हार्ड डिस्कवर माहिती अधिक काळ राहते, तरी तिचे यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले तर सुरू होईलच असे नाही. चुंबकीय फीत थंड, कोरड्या जागी तीस वर्षे टिकते. मोठ्या संस्था ती वापरतात, मात्र ती वाचणारे यंत्र शाळेला परवडत नाही. आणि साधन टिकले तरी वाचणारे यंत्र टिकते असे नाही. १९९० च्या दशकातली फ्लॉपी आज किती शाळांत वाचता येईल?

म्हणून कायमच्या नोंदीसाठी कोणताही ड्राइव्ह विकत घेऊन प्रश्न सुटत नाही. सतत नवी प्रत काढत राहावे लागते. सुदैवाने हे ओझे हलके आहे. नोंदवह्यांची ५,००० पाने, प्रत्येकी २ मेगाबाइटने, फक्त १० गिगाबाइट होतात; म्हणजे आपल्या सोळा कॅमेऱ्यांचे पाऊण तासाचेही चित्रीकरण नाही. शाळेची सर्वांत मोलाची माहिती आकाराने सर्वांत लहान असते आणि बारा टेराबाइट अडवणारी महिन्याभरात पुसून टाकायची असते. खर्चाचा विचार करताना आपण नेमके उलटे करतो.

तेव्हा संगणक कक्षाला लहान एसएसडी, कॅमेऱ्यांना मोठी हार्ड डिस्क आणि दप्तराच्या तीन प्रती: एक वापरातल्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी शाळेच्या इमारतीबाहेर. चार-पाच वर्षांनी डिस्क बदलायची आणि मूळ कागद फेकायचा नाही. वर्षातून दोनदा ही तिसरी प्रत दुसऱ्याच संगणकाला जोडून, तिच्यातले कोणतेही एक पान उघडून मूळ नोंदवहीशी ताडून पाहावे. दहावीचे विद्यार्थी हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली एका तासिकेत करू शकतील. उघडून पाहिलेली नसेल, तर ती प्रत आहे असे धरू नये.