अम्मी, मानो आणि मोगऱ्याचा डबा

दोन वर्षांपूर्वी रमजान ईद झाल्यावर आमच्या सासूबाई धुळ्याहून जळगावला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. घरात सगळे त्यांना अम्मी म्हणतात, मीही म्हणते. वय तेव्हा ७७. अब्बांनी आयुष्यभर धुळ्यात लूमवर काम केले. त्यांच्या इंतकालनंतर चार वर्षे अम्मी त्या घरात एकट्या राहिल्या. त्या रमजानमध्ये सहेरीला उठताना त्या न्हाणीत घसरून पडल्या. हाड मोडले नाही, अल्लाहचे आभार. पण शेजारणीचा फोन आला आणि ह्यांनी ठरवून टाकले, आता अम्मींना एकटे ठेवायचे नाही.

टेम्पोतून सामान आले ते असे : एक लोखंडी पेटी, शिलाई मशीन, पोपटाचा रिकामा पिंजरा आणि सहा झाडे. झाडे कुंडीत नव्हती, तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत आणि रंगाच्या फुटक्या बादल्यांत होती. पारोळा, एरंडोल करत सुमारे ९५ किलोमीटरचा रस्ता, वरून एप्रिलचे ऊन. जळगावला पोचेपर्यंत सगळी पाने करपली होती. मानो नावाची त्यांची मांजर ऐन वेळी कुठे तरी पळाली, म्हणून ती धुळ्यातच राहिली.

आमचे घर मेहरूण भागात. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे वीतभर अंगण. अम्मींसाठी आम्ही पुढची खोली रिकामी केली. नवीन गादी घेतली, कूलर लावला, न्हाणीत धरायला दांडी बसवली. पाणी हातात, जेवण हातात, औषध हातात. मला वाटले, सुनेने आणखी काय करायचे असते?

माझी चूक

महिन्याभराने माझ्या माहेरची माणसे येणार होती. अंगण झाडताना मी ते गंजलेले डबे पाहिले. आत नुसत्या वाळक्या काड्या. सकाळी घंटागाडी आली तेव्हा सहाही डबे मी तिच्यात टाकून दिले. अम्मी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘चांगलं केलंस बेटा, कचराच होता.’’

त्यानंतर त्यांचे जेवण कमी झाले. बोलणे तर त्याहून कमी. तिसऱ्या दिवशी जोहरनंतर मी जरा आडवी झाले आणि उठून पाहते तो खोली रिकामी. चप्पल नाही, पिशवी नाही. मेहरूणच्या तलावापर्यंत आम्ही शोधून आलो. मुलगा मशिदीत सांगायला धावला. संध्याकाळी धुळ्याच्या शेजारणीचा फोन आला, ‘‘तुमच्या अम्मी इथं ओट्यावर बसल्यात. घाबरू नका.’’

ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. आधार कार्ड अम्मींच्या पिशवीतच असते. त्या रिक्षाने स्टँडवर गेल्या, धुळ्याची गाडी विचारली आणि बसल्या. घराची किल्ली मात्र आमच्याकडेच विसरल्या होत्या, म्हणून कुलूप लावलेल्या दारासमोर ओट्यावर बसून राहिल्या. आम्ही रात्री पोचलो तेव्हा मांडीवर मानो होती आणि बाजूला शेजारणीकडून मागून घेतलेला पाण्याचा तांब्या.

भिंतीलगत जमिनीत एक मोठा मोगरा आहे. अब्बांनी लावलेला. मी टाकलेल्या डब्यातला मोगरा त्याचीच फांदी होती. अम्मी म्हणाल्या, ‘‘याला पाणी घालायला आले. चार वर्षं रोज घातलं.’’

हे रागावले, तशा त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘तुझी तक्रार नाही, बेटा. पण तिथं तुम्ही मला सगळं हातात देता. मग मी दिवसभर करू काय?’’

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आईवडील म्हातारे झाले की त्यांच्याशी वैतागाचा एक शब्दही बोलू नका, हे कुरआनने सूरह बनी इस्राईलमध्ये बजावले आहे. मी तसा शब्द कधी काढला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. पण शब्द न काढताही माणसाचे मन मोडता येते. त्यांचे जे होते ते मी कचरा समजून गाडीत टाकले होते.

पुन्हा जळगावला

दोन दिवसांनी अम्मी परत आल्या, पण त्यांच्या अटींवर. पहिली अट मानो. भाजीच्या वेताच्या टोपलीवर जाळी बांधून तिला आणली. दुसरी अट अंगण. त्यात काय लावायचे ते अम्मी ठरवणार आणि पाणीही त्याच घालणार.

मोगऱ्याचे काम शेजारणीने केले. पाऊस सुरू झाल्यावर तिने झाडाची खालची एक लवचीक फांदी वाकवून मातीत दाबली, वर दगड ठेवला आणि टोक बाहेर मोकळे सोडले. यालाच दाब कलम म्हणतात. मातीतल्या भागाला मुळे फुटली की फांदी मूळ झाडापासून कापायची. दोन-अडीच महिन्यांनी ते रोप मांडीवर घेऊन अम्मी स्वतः जळगावला आल्या. या वेळी डबा नवा होता, पण पत्र्याचाच. मी मातीची छान कुंडी आणली होती, ती त्यांनी पुदिन्याला दिली.

मांजर आणि मुसल्ला

मानो आली तेव्हा खरे सांगायचे तर मला किळस होती. ती मुसल्ल्यावर झोपायची, पाण्याच्या भांड्यात तोंड घालायची. एकदा मी अम्मींना बोलले. त्यांनी मला हजरत अबू कतादा (रजि.) यांचा किस्सा सांगितला. त्यांची सून कब्शा त्यांच्यासाठी वुजूचे पाणी घेऊन आली. तेवढ्यात मांजर आली, तर अबू कतादांनी भांडे तिच्यासाठी कलते केले. सून नवलाने पाहत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितले की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मांजरीला नापाक म्हटलेले नाही, ती घरात ये-जा करणाऱ्यांपैकीच आहे. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. म्हातारा सासरा, सून आणि मांजर! मला वाटले, आमच्याच घरची गोष्ट.

नापाक नाही म्हणून काळजी सोडायची असे नाही. मानोला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन रेबीजची लस दिली. म्हातारी माणसे पायात आलेल्या मांजरीमुळे पडू शकतात, म्हणून तिच्या गळ्यात घुंगरू बांधले. मांजर चावली किंवा तिने रक्त येईल असे ओरबाडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावून घरी बसायचे नाही. घरात बाळंतपण व्हायचे असेल, तर त्या बाईने मांजरीची घाण उचलू नये आणि मातीत हात घालताना हातमोजे घालावेत. मांजरीच्या विष्ठेतून होणारा एक संसर्ग पोटातल्या बाळाला बाधू शकतो.

रिकामा पिंजरा

पिंजरा अब्बांच्या मिठूचा. अब्बांनंतर वर्षभरात तो मेला. मुलांच्या मनात आले, दादीला वाढदिवसाला नवा पोपट आणू. ओळखीचा एक जण आणून देणार होता. मी चौकशी केली तेव्हा कळले की आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्या कितीतरी घरांत असा पिंजरा टांगलेला असतो आणि हे ठाऊक नसते. पिल्ले ढोलीतून काढतात, त्यातली कित्येक वाटेतच मरतात. ज्यांच्याकडे जुना पोपट आहे त्यांनी तो असाच उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला बाहेर निभावणे कठीण जाते. वनविभागाच्या कार्यालयाशी बोलावे.

अम्मींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘नकोच. मिठूची जागा कशाला भरायची?’’

मी आधी मिठूच्या दुःखाला हसले होते. पण प्रेषितांचे (स.) सेवक हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याची चिमणीएवढी पाखरी होती. पुढे ती मेली आणि मूल हिरमुसले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्याशी त्या पाखराविषयीच मायेने विचारपूस केली. पाखरूच तर होते, असे म्हणून उडवून लावले नाही. लहानांचे जे, तेच म्हाताऱ्यांचे.

आता पिंजऱ्यात आम्ही कांदे-लसूण ठेवतो. हवा चांगली लागते.

खान्देशचे ऊन

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. झाड कोमेजलेले दिसते, पण म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली त्याची त्यालाच कळत नाही. वय वाढले की तहानेची जाणीव कमी होते. म्हणून आम्ही दोन्ही पाणी एकत्र जोडले. अम्मी फजरनंतर झाडांना पाणी घालतात, तेव्हा आधी स्वतः ग्लासभर पितात. मगरिबच्या आधी पुन्हा तसेच. मधल्या वेळी सब्जाचे नाही तर लिंबाचे सरबत. दुपारी अकरा ते चार अंगणाचे दार बंद.

नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना जाते. बुंध्याशी केळीची वाळलेली पाने अंथरतो, ओल टिकते. वांग्यांच्या आळ्यात एक सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरले आहे. भरले की पाणी सावकाश झिरपते. पाखरांसाठी ठेवलेले परळ आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासतो, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

एक झाड मात्र आम्ही उपटले. कुंपणाजवळ गुलाबी कण्हेर होती. एका सकाळी अम्मी काढ्यासाठी गवती चहा समजून तिचीच पाने खुडत होत्या. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो, माणसाला आणि जनावरालाही. त्या दिवशी मी वेळेवर पोचले.

तेव्हाच कळले की त्यांचे विसरणे वाढते आहे. डॉक्टर म्हणाले, दिवसाचा क्रम बदलू नका. त्यांच्या पिशवीत आम्ही फोन नंबर शिवून ठेवला आहे. कधी त्या नातवाला अब्बांच्या नावाने हाक मारतात. कधी मोगऱ्याशी अहिराणीत बोलतात, ‘‘कसा शे रे भाऊ?’’ पण पाणी घालायचे एकही दिवस विसरलेल्या नाहीत.

भगिनींनो, तुमच्या घरी एखादे म्हातारे माणूस सामान घेऊन आले, तर त्यातला एकही डबा त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. आणि त्यांच्या हातात रोजचे एक काम राहू द्या, मग ते कितीही हळू होवो. आमच्या अंगणाला पाणी घालायला मला दहा मिनिटे लागतील. अम्मींना पाऊण तास लागतो. तो पाऊण तास मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्यावर नजर ठेवून असते.

या चैत्रात मोगऱ्याला पहिली अकरा फुले आली. अम्मींनी ती मोजली, दहा ओच्यात घेतली आणि एक माझ्या केसांत खोवले.