मालाच्या पुढे धावणारी वार्ता

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर वडकरा नावाचे गाव आहे. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी तेथील मच्छीमारांवर मोठा कठीण प्रसंग ओढवला. समुद्रावर कष्ट करून त्यांनी होड्या भरभरून तारली आणली होती. परंतु त्या दिवशी सर्वांच्याच जाळ्यांत मासळी विपुल सापडल्यामुळे किनाऱ्यावर गिऱ्हाइके अपुरी पडली. भाव उतरत गेला आणि शेवटी कोणत्याही भावाने माल घेणारा उरला नाही. मासळी ही काही धान्यासारखी साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. ऊन चढू लागले, तसा अकरा मच्छीमारांना आपला माल फेकून देण्यावाचून मार्ग राहिला नाही.

याच वेळी तेथून पंधरा किलोमीटरांच्या आत, उत्तरेस चोंबाला व दक्षिणेस कोयिलांडी येथील बाजारांत सत्तावीस खरेदीदार रिकाम्या टोपल्या घेऊन उभे होते. त्यांना तारली हवी होती. पण तेथे ती पुरेशी आलीच नव्हती. तेही निराश होऊन परतण्याच्या बेतात होते.

एकीकडे माल होता, दुसरीकडे गरज होती. होड्या होत्या, पैसा होता, मधले अंतरही फार नव्हते. मग उणीव कशाची होती? उणीव होती ती वार्तेची. वडकऱ्याच्या मच्छीमारांना कोयिलांडीची स्थिती ठाऊक नव्हती आणि कोयिलांडीच्या खरेदीदारांना वडकऱ्याची नव्हती. दुसऱ्या बाजाराला जाऊन पाहावे, तर इंधन खर्ची पडणार. सकाळचा बाजार थोड्याच वेळात उठणार. आणि तेथेही गिऱ्हाईक मिळाले नाही, तर दुहेरी नुकसान होणार. म्हणून प्रत्येक जण आपापल्या नेहमीच्या किनाऱ्यालाच लागे आणि दैवावर हवाला ठेवी.

हा प्रसंग एका गावाचा असला, तरी त्यातील तत्त्व सर्व व्यापारास लागू आहे. मधल्या सुट्टीत हाती येणारा बिस्किटांचा साधा पुडा घ्या. त्यातील गहू कोण्या शेतकऱ्याने पिकविला, साखर कारखान्यात तयार झाली, पीठ गिरणीत दळले गेले, कागद व वेष्टन आणखी कोठून आले. हे सर्व जिन्नस बिस्किटांच्या कारखान्यात एकत्र आले. तेथून मालमोटारीने पुडे वखारीत गेले, वखारीतून घाऊक व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून किरकोळ दुकानदाराकडे आणि शेवटी मुलाच्या हाती. कड्यात कडी अडकवावी, तशी ही माणसांची व कामांची मालिका असते. तिलाच पुरवठा साखळी म्हणतात.

या साखळीतून दोन प्रवाह वाहतात. माल शेताकडून दुकानाकडे येतो आणि वार्ता दुकानाकडून शेताकडे जाते. काय खपले, काय संपत आले, कोणती वस्तू कोठे अडून पडली, ही ती वार्ता. पहिला प्रवाह सर्वांना दिसतो. दुसरा दिसत नाही. परंतु दुसरा थांबला, की पहिलाही वाट चुकतो.

पूर्वीच्या काळी वार्ता व माल एकाच वेगाने प्रवास करीत. परगावचा भाव व्यापाऱ्याला कळे, तो जासुदाने आणलेल्या पत्रातून किंवा बंदरास लागलेल्या गलबतावरील माणसांकडून. आणि मालही त्याच रस्त्याने, त्याच गलबतातून येई. बातमी हाती पडेपर्यंत तिकडचा भाव पालटलेला असे. एकोणिसाव्या शतकात विद्युत्तार आली, तेव्हा वार्तेने मालाला प्रथमच मागे टाकले. माल बैलगाडीत किंवा आगगाडीत असतानाच त्याची बातमी तारेवरून पुढे पोहोचू लागली. त्यानंतर दूरध्वनी, संगणक व भ्रमणध्वनी आले आणि वार्तेचा वेग उत्तरोत्तर वाढत गेला.

केरळच्या त्या किनाऱ्यावर १९९७ पासून पुढील चार वर्षांत भ्रमणध्वनीची सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मनोरे किनाऱ्यालगत असल्याने त्यांच्या लहरी समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरांपर्यंत पोहोचत. मासळी होडीत असतानाच मच्छीमार निरनिराळ्या बाजारांतील व्यापाऱ्यांना भाव विचारू लागले आणि जेथे गरज अधिक, तेथे होडी वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या काळात तेथील तीनशे होड्यांच्या व्यवहारांची नोंद ठेवली व तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. पूर्वी दररोज पकडलेल्या मासळीपैकी शेकडा पाच ते आठ भाग वाया जात असे. तो प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. मच्छीमारांचा नफा सरासरी शेकडा आठने वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी शेकडा चारने स्वस्त मिळू लागली.

विकणारा व घेणारा या दोघांचाही लाभ एकाच वेळी कसा झाला? जी मासळी पूर्वी फेकून द्यावी लागे, ती आता कोणाच्या तरी ताटात पडू लागली. वाया जाणारी वस्तू वाचली, तिचेच मोल दोघांच्या वाट्याला आले.

थोड्या होड्यांचा हिशेब बोलून ठेवता येतो. पण एखाद्या मोठ्या दुकानात हजारो प्रकारच्या वस्तू असतात. त्यांतील प्रत्येकीची खबर कोणी द्यावी? हे काम वस्तूच्या वेष्टनावरील काळ्या-पांढऱ्या रेघा करतात. त्यांना बारकोड म्हणतात. त्यांची कल्पना १९४९ साली अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड या तरुणाला सुचली. तो समुद्रकिनाऱ्यावर बसला होता. लहानपणी शिकलेली तारायंत्राची टिंबे व रेघा त्याच्या मनात घोळत होत्या. सहज त्याने बोटांनी वाळूत टिंबे व रेघा उमटवल्या आणि त्या खाली ओढल्या. जाड व बारीक अशा उभ्या रेघा तयार झाल्या. या जाड-बारीक रेघांतून यंत्राला वाचता येईल असा अंक लिहिता येईल, हे त्याच्या ध्यानात आले. १९५२ साली त्याला व त्याच्या मित्राला या युक्तीचे एकस्व मिळाले. परंतु तिला साजेसे यंत्र तयार होण्यास आणखी वीस वर्षे लोटली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी, एका दुकानात चघळण्याच्या गोळ्यांचे पाकीट यंत्रापुढून फिरवण्यात आले. आजच्या पद्धतीच्या बारकोडवर झालेली ती पहिली विक्री होय.

या रेघांत किंमत लिहिलेली नसते. तेथे केवळ एक क्रमांक असतो. यंत्र तो क्रमांक वाचते आणि संगणक आपल्या नोंदवहीतून वस्तूचे नाव व किंमत शोधून काढतो. त्याच क्षणी शिल्लक मालातून एक नग वजा होतो. सायंकाळी कोणता माल किती उरला हे मोजण्यास नोकराला फळ्यांपुढे उभे राहावे लागत नाही; वखारीला खबर आधीच गेलेली असते. पाठ्यपुस्तकांवर दिसणारी चौकटीची चौकोनी खूण, म्हणजे क्यूआर कोड, हीदेखील याच कुळातील. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद लवकर व्हावी म्हणून ती प्रथम तयार करण्यात आली.

येथपर्यंत वार्ता देणारे होते ते व्यापारी, दुकानदार आणि यंत्रे. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. समाजमाध्यमांमुळे वस्तू वापरणारा सामान्य माणूसही बोलू लागला आहे. त्याचे म्हणणे काही क्षणांत सहस्रावधी लोकांपर्यंत जाते.

या शक्तीचे दर्शन भारताला २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांत घडले. कोविडच्या साथीची दुसरी लाट भर जोरात होती. रुग्णालयांत प्राणवायू अपुरा पडत होता. रुग्णांचे नातेवाईक समाजमाध्यमांवरून मदतीची याचना करीत होते आणि अनोळखी माणसे त्यांना उत्तरे देत होती. परंतु लवकरच एक अडचण ध्यानी आली. काल खरी असलेली वार्ता आज शिळी झालेली असे. ज्याच्याकडे प्राणवायूची नळकांडी संपली, त्याचाच क्रमांक सर्वत्र फिरत राही आणि घाबरलेल्या माणसाचा मोलाचा वेळ व्यर्थ जाई. तेव्हा अनेक तरुण स्वयंसेवक पुढे आले. प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून, तपासून, खरा असेल तेवढाच ते पुढे पाठवू लागले. काम साधे दिसे. पण त्यात प्राण वाचवण्याचे सामर्थ्य होते.

तथापि वार्ता स्वतः माल वाहून नेत नाही. प्राणवायू पूर्वेकडील पोलादाच्या कारखान्यांत होता आणि त्याची निकड पश्चिमेस व उत्तरेस होती. तो वाहून नेणारे टँकरही थोडेच होते. म्हणून रेल्वेने १९ एप्रिल २०२१ रोजी नवी मुंबईजवळील कळंबोली येथून सात रिकामे टँकर सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला धाडले. टँकर उंच असल्याने गाडीला घाटातून जाता येईना. म्हणून ती वसईवरून लांबच्या वाटेने नेण्यात आली. वाटेतील बोगदे, पूल, फलाटांवरील छपरे व विजेच्या तारा यांची उंची आधी विचारात घ्यावी लागली. मार्गाची ही माहिती पुढे गेली, तेव्हाच गाडी मागून निघू शकली. सुमारे १,८५० किलोमीटरांचा प्रवास तिने जवळपास पन्नास तासांत केला. शंभर टनांहून अधिक द्रवरूप प्राणवायू भरून ती परतली. तीन टँकर नागपूरला आणि चार नाशिकला उतरवण्यात आले.

खऱ्या वार्तेचा उपयोग जेवढा मोठा, तेवढीच खोट्या वार्तेची हानी मोठी. नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्ली, उत्तर प्रदेश इत्यादी भागांत मिठाचा तुटवडा होणार अशी अफवा उठली. तोंडातोंडी व भ्रमणध्वनीवरील संदेशांतून ती पसरली. वस्तुतः देशात मिठाची टंचाई नव्हती. परंतु लोक घाबरून दुकानांकडे धावले. ज्याला एक किलो पुरले असते, त्याने पाच-दहा किलो उचलले. फळ्या रिकाम्या झाल्या, काही ठिकाणी भाव कित्येक पटींनी चढले आणि रिकाम्या फळ्या पाहून अफवा खरी वाटू लागली. मीठ पुरेसे आहे, असे शासनाला जाहीर करावे लागले. नसलेला तुटवडा एका वाक्याने निर्माण केला होता!

अशा गडबडीचा परिणाम दुकानापाशीच संपत नाही. समजा, एखाद्या दुकानात रोज दहा पुडे खपतात. एके दिवशी बारा खपले. दुकानदाराला वाटते, मागणी वाढली. तो पंधरा मागवतो. घाऊक व्यापारी अधिक सावध. तो वीस मागवतो. कारखानदार तीस तयार करतो. पुढे मागणी पुन्हा दहावर येते आणि तयार माल वखारीत पडून राहतो. चाबकाची मूठ थोडी हलवली, तरी त्याचे टोक फार मोठा हेलकावा घेते. तसाच हा प्रकार आहे. साखळीतील प्रत्येक कडीला केवळ शेजारच्या कडीचे म्हणणे ऐकू येते, म्हणून असे घडते. दुकानातील खरा खप सर्वांना एकाच वेळी दिसला, तर हा हेलकावा पुष्कळ कमी होतो. संगणकाचे खरे साहाय्य येथे आहे. पण त्याच संगणकावरून अफवा पसरली, तर चाबकाची मूठच जोराने हलते.

व्यापारात खोटे माप वापरणे हा अपराध मानतात. वार्ता हेही आता एक मापच झाले आहे. तिच्यावर विसंबून होड्या वळतात, गाड्या निघतात आणि कारखाने चालतात. हातातील भ्रमणध्वनीवरून एखादा संदेश पुढे पाठवणारा माणूस, मग तो वयाने कितीही लहान असो, त्या लांब साखळीतील एक कडी बनतो. वडकऱ्याच्या किनाऱ्यावर त्या सकाळी मासळी वाया गेली, ती खरी वार्ता पोहोचली नाही म्हणून. आज वार्ता पोहोचण्यास क्षणही लागत नाही. ती खरी आहे की नाही, हे पाहण्याचे काम मात्र यंत्राने माणसावरच सोपवलेले आहे.