दारातलं दार

पोलोग्राउंडच्या एखाद्या जुन्या कारखान्यासमोर उभं राहून बघा. ट्रक जाईल एवढं लोखंडी फाटक बंद असतं, आणि त्याच्याच एका बाजूला माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार कापलेलं असतं. कामगार त्याला ‘छोटा गेट’ म्हणतात. आपल्या मराठीत त्याला स्वतःचं नाव आहे: दिंडी दरवाजा. कारखाने यायच्या कितीतरी आधी तो वाड्यांना होता.

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा याचं ठळक उदाहरण. वाड्याचं काम 1730 मध्ये सुरू झालं. या दरवाजावर अणकुचीदार खिळे आहेत, तेही हत्तीचं कपाळ पोचेल त्या उंचीवर, म्हणजे धडक द्यायला हत्ती बिचकेल. उजव्या कवाडात दिंडी आहे. तिच्यातून एका वेळी एकच माणूस येतो आणि तोही मान खाली घालून. पहारेकऱ्याला आणखी काय हवं! 1828 च्या आगीत आतला वाडा जळाला, दरवाजा मात्र राहिला.

आपल्या राजवाड्याचंही तसंच. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या आगीत मागचा भाग गेला, पण समोरचा भाग आणि खिळे ठोकलेला तो भलामोठा लाकडी दरवाजा आजही आहे.

साध्या वाड्यांची दारं मला जास्त आवडतात, कारण ती वाचता येतात. चौकटीच्या वर गणेशपट्टी. (आमच्या घरी बरोब्बर त्याच जागी क्रूस आहे.) खाली उंबरठा, मागे अडसर. अडसर म्हणजे जाड लाकूड. दिवसा ते भिंतीतल्या खोबणीत सरकवून ठेवायचं, रात्री ओढून दारामागे आडवं करायचं. आणि कित्येक जुन्या दारांना बिजागरी नसतेच! कवाडाच्या वरखालच्या टोकांना खुंट असतात, खालचा खुंट दगडातल्या खळग्यात फिरतो. कवाडाचा सगळा भार तो दगड पेलतो, म्हणून इतकं जड दार एका हाताने उघडतं.

रोममधल्या सांता सबीना चर्चचं लाकडी दार पाचव्या शतकातलं आहे. येशूच्या क्रूसारोहणाच्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक त्यावर कोरलंय. 28 चौकोनांपैकी 18 उरलेत, तरी ते अजून चर्चलाच आहे, म्युझियममध्ये नाही.

आपल्याकडे वाडा पडला की दार आधी विकलं जातं. नक्षीला भाव मिळतो. कवाड हॉटेलच्या भिंतीवर लटकतं, नाहीतर वर काच टाकून त्याचं टेबल होतं. तिथे ना ते उघडत, ना बंद होत. म्हणून कुणाच्या आजोळचा वाडा पाडायला निघाला असेल, तर निदान आधी दार उघड-बंद करून त्याचा व्हिडिओ घ्या आणि खालचा दगड शोधा. त्याला कुणी भाव देत नाही. तो मलब्याबरोबर ट्रॉलीत जातो.