भ्रमणध्वनी मुका होतो तेव्हा...

पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीस, केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले आणि आपल्या देशात मोबाईल सेवेचा श्रीगणेशा झाला. त्या काळी भ्रमणध्वनी हे निव्वळ बोलण्याचे, आणि तेही महागडे, साधन होते. पुढे २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डाद्वारे होणाऱ्या ऑनलाईन खरेदीसाठी अतिरिक्त पडताळणी बंधनकारक केली, २०१६ मध्ये यूपीआयचे आगमन झाले आणि पाहता पाहता दहा अंकी मोबाईल क्रमांक हीच ग्राहकाची ओळख बनली. पूर्वी पैसे काढताना स्वाक्षरी जुळावी लागे. आता क्रमांक जुळावा लागतो.

त्यामुळेच नवे सिमकार्ड सुरू न होणे ही बाब आज केवळ दूरसंचार कंपनीपुरती राहिलेली नाही. ‘ओटीपी येत नाही’, ‘यूपीआय चालत नाही’ अशी तक्रार घेऊन शाखेत आलेल्या ग्राहकाशी चार प्रश्नोत्तरे झाली, की पुष्कळदा असे आढळते की बँकेच्या यंत्रणेत दोष नसून ग्राहकाने आदल्याच दिवशी सिमकार्ड बदललेले आहे. क्वचित मात्र असाही ग्राहक समोर येतो, ज्याने सिमकार्ड बदललेलेच नसते आणि तरीही त्याचा फोन सकाळपासून मुका असतो. या दोन्ही परिस्थिती बाहेरून अगदी सारख्या दिसतात. पहिलीत धीर धरावयाचा असतो. दुसरीत क्षणाचाही विलंब परवडणारा नसतो. हा भेद कसा ओळखावा आणि प्रत्येक वेळी काय करावे, याची माहिती आपल्या ग्राहकांना व्हावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

क्रमांक कार्डात नसतो

आपला मोबाईल क्रमांक सिमकार्डावर कोरलेला असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः कार्डात असते ती पंधरा अंकी आंतरराष्ट्रीय ओळख आणि एक गुप्त किल्ली. भारतीय कार्डांची ही ओळख ४०४ किंवा ४०५ या अंकांनी सुरू होते. ती ओळख कोणत्या मोबाईल क्रमांकाशी जोडायची, याची नोंद दूरसंचार कंपनीच्या मध्यवर्ती संगणकात असते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर सिमकार्ड म्हणजे पासबुक आणि कंपनीकडील नोंद म्हणजे खाते. पासबुक हरवले म्हणून ठेव हरवत नाही. नवे पासबुक घेतले की काम भागते. तद्वतच कार्ड बदलले तरी क्रमांक तोच राहतो.

एका क्रमांकाशी जुने व नवे अशी दोन्ही कार्डे एकाच वेळी जोडलेली राहत नाहीत. नव्या कार्डाची जोडणी पूर्ण होताच जुन्या कार्डाची जोडणी तुटते. म्हणून आपण स्वतः सिम बदलण्याचा अर्ज केला असेल, तर जुन्या कार्डाचे नेटवर्क नाहीसे होणे हे संकट नसून नवे कार्ड जागे होत असल्याची खूण आहे. तोवर नवे कार्ड फोनमध्ये घालून काही उपयोग होत नाही.

कार्ड सुरू होत नसेल, तर

जुने कार्ड बंद झाल्यावरही नवे सुरू होत नसेल, तर पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम फोन पूर्ण बंद करून कार्ड काढावे, त्याचा सोनेरी भाग कोरड्या मऊ कापडाने पुसावा, कार्ड नीट बसवून फोन पुन्हा सुरू करावा. एअरप्लेन मोड चुकून चालू राहिलेला नाही ना, हेही पाहावे. दोन सिमच्या फोनमध्ये सेटिंग्जमधून एखादे सिम बंद केलेले असू शकते.

तरीही यश न आल्यास ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये आणि दुसरे चालू कार्ड आपल्या फोनमध्ये घालून पाहावे. पाच मिनिटांच्या या अदलाबदलीने दोष कार्डाचा आहे की फोनचा, याचा उलगडा होतो आणि दुकानातील निष्कारण खेप वाचते.

पडद्यावर उमटणारा संदेशही बोलका असतो. ‘नो सिम’ याचा अर्थ फोनला कार्ड वाचता येत नाही. ‘सिम नॉट प्रोव्हिजन्ड’ असे दिसल्यास कार्ड ठीक असून कंपनीकडील जोडणी अपुरी आहे, असे बहुधा समजावे. अशा वेळी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राशीच संपर्क साधावा. फोन पिन मागत असेल, तर अंदाजाने आकडे घालू नयेत. तीनदा चूक झाल्यास कार्ड कुलूपबंद होते. ते उघडण्यासाठी कंपनीकडून मिळणारा आठ अंकी पीयूके लागतो, आणि तो दहा वेळा चुकला की कार्ड कायमचे निकामी होते.

वापरलेला फोन विकत घेतला असेल, तर आणखी एक शक्यता उरते. मे २०२३ पासून चोरीस गेलेले फोन देशभरात बंद करण्याची व्यवस्था केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळामार्फत सुरू झाली. अशा बंद केलेल्या फोनमध्ये कोणतेही नवे सिम चालत नाही. *#०६# हा संकेत डायल केल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक त्या संकेतस्थळावर, शक्यतो खरेदीपूर्वीच, पडताळून घ्यावा.

पहिले चोवीस तास

कार्ड सुरू झाले, बोलणे होऊ लागले, परंतु एसएमएस मात्र येईनात, ही ग्राहकांची सर्वाधिक गोंधळाची अवस्था. यामागे बिघाड नसून नियम आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना असा आदेश दिला, की सिम बदलल्यानंतर चोवीस तासांपर्यंत त्या क्रमांकावरील येणारे व जाणारे एसएमएस रोखून धरावेत. आपल्या नावाने कुणा भामट्याने परस्पर नवे कार्ड मिळवले, तरी त्याच्या हाती लगेच ओटीपी पडू नये आणि मूळ ग्राहकास सावध होण्यास अवधी मिळावा, हा त्यामागील उद्देश. नव्या फोनवर यूपीआयची नोंदणी करताना आपल्याच सिमवरून बँकेस एक एसएमएस आपोआप पाठविला जातो. जाणारे एसएमएस रोखलेले असल्याने ती नोंदणीही या काळात पूर्ण होत नाही. पुनःपुन्हा प्रयत्न करून हैराण होण्याऐवजी एक दिवस थांबावे.

यातून घ्यावयाचा बोध असा, की रुग्णालयाचे देयक, महाविद्यालयाचे शुल्क किंवा कर्जाचा हप्ता ज्या दिवशी भरावयाचा आहे, त्याच्या आदल्या दिवशी सिम बदलू नये. बदलणे अटळच असेल, तर महत्त्वाचे भरणे आधी उरकावे किंवा धनादेशाची तजवीज ठेवावी. चोवीस तास उलटूनही ओटीपी न आल्यास मात्र प्रथम कंपनीकडे व नंतर शाखेत अवश्य चौकशी करावी.

अर्ज न करताच फोन बंद पडल्यास

आता दुसरी परिस्थिती. आपण सिम बदलण्याचा अर्ज केलेला नाही, रिचार्जची मुदत संपलेली नाही, त्याच कंपनीचा शेजारच्याचा फोन चालू आहे आणि आपल्या फोनवरील नेटवर्क मात्र अचानक नाहीसे झाले आहे. अशा वेळी ‘थोड्या वेळाने येईल’ म्हणून स्वस्थ बसू नये. कुणीतरी आपल्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळवले असण्याची शक्यता असते. त्यापूर्वी एक-दोन दिवस ‘आपले सिम बंद होणार आहे, आलेला संदेश पुढे पाठवा’ किंवा ‘ई-सिमसाठी एक अंक दाबा’ असा फोन येऊन गेलेला असेल, तर ही शंका अधिकच बळावते.

प्रथम दुसऱ्या फोनवरून दूरसंचार कंपनीस विचारावे, “माझ्या क्रमांकावर नवे सिम दिले गेले आहे काय?” उत्तर होकारार्थी असल्यास क्रमांक तात्काळ बंद करावयास सांगावे. लगोलग बँकेस कळवून नेट बँकिंग, यूपीआय व कार्डे स्थगित करून घ्यावीत आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. रक्कम गेलेली असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पैसे पुढील खात्यात सरकण्यापूर्वी अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाचे दायित्व किती, हे ठरविताना तक्रार किती त्वरेने केली याला महत्त्व असते. हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते.

क्रमांक कुणाच्या नावावर?

शाखेत अनुभवास येणारी एक करुण अडचण येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एखाद्या भगिनीचे सिम खराब होते. ती सेवा केंद्रात जाते, तेव्हा कळते की ती जोडणी दिवंगत पतीच्या नावावर आहे. नवे कार्ड मिळण्यास विलंब होतो आणि खात्यात रक्कम असूनही ती ऑनलाईन व्यवहार करू शकत नाही. मुलाच्या नावावरील क्रमांक आईच्या खात्यास जोडलेला असणे, ही तर नित्याची गोष्ट. मुलगा बदलीनिमित्त भोपाळ, हैदराबाद किंवा गुवाहाटीस असला, तर नव्या कार्डासाठी त्याच्या सवडीची वाट पाहावी लागते. म्हणून बँकेत नोंदविलेला क्रमांक शक्यतो खातेदाराच्या स्वतःच्या नावावर असावा. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे ‘संचार साथी’वर पाहता येते; अनोळखी क्रमांक आढळल्यास तेथेच तक्रारही करता येते.

तसेच दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक कंपनी बंद करते आणि यथावकाश तो दुसऱ्या ग्राहकास देते. आपण जुना क्रमांक सोडला, पण बँकेत बदल कळविला नाही, तर आपल्या खात्याचे संदेश परक्याच्या हाती जाऊ शकतात. क्रमांक सोडण्यापूर्वी शाखेत नव्या क्रमांकाची नोंद करणे, हा त्यावरील साधा उपाय.

शेवटी एक छोटीशी विनंती. आपल्या शाखेचा दूरध्वनी, बँकेचा मदत क्रमांक, आपल्या दूरसंचार कंपनीचा सेवा क्रमांक आणि १९३० हे चार क्रमांक एका कागदावर लिहून घरात दर्शनी भागी लावावेत. हे सारे क्रमांक आपण मोबाईलमध्येच साठवतो. आणि ज्या दिवशी त्यांची खरी गरज भासते, त्या दिवशी मोबाईल हाताशी असेलच, असे नाही.