निलगिरीचा खोडवा

सानपाड्यात इमारत उठताना स्लॅबखाली आता बहुतेक लोखंडी प्रॉप उभे असतात. एखाद्या लहान कामावर मात्र अजून निलगिरीच्या बल्ल्या दिसतात. त्या बल्ल्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, आणि विषय नाशिककडे वळला.

निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीचे विनायकराव पाटील यांनी ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांना निलगिरी लावायला लावली, विक्रीसाठी सहकारी संस्थाही उभी केली. आमदारकी, मंत्रिपद सगळं झालं, पण 2020 साली ते गेले तेव्हा लोकांच्या तोंडी नाव होतं 'वनाधिपती'. हा इतिहास कुठेही वाचायला मिळेल. मला गुंतवलं ते खुंटाने.

झाड तोडलं की संपलं, हे निलगिरीला मान्य नाही. सालीखाली सुप्त डोळे असतात. वरचा शेंडा गेला की ते जागे होतात आणि खुंटाभोवती फुटव्यांची झुंबड उडते. मुळं आधीच खोल गेलेली, त्यामुळे रोपापेक्षा फुटवा झपाट्याने वाढतो. उसाचा खोडवा राखणाऱ्याला यात नवल वाटत नाही.

सगळी कसोटी तोडणाऱ्याची. जमिनीपासून वीतभर खुंट ठेवायचा, काप किंचित उतरता घ्यायचा म्हणजे पाणी साचत नाही, आणि साल सोलवटू द्यायची नाही. डोळे सालीतच असतात ना! घाईत बोथट कुऱ्हाड चालवली की पुढचं पीक तिथेच मेलं. काही महिन्यांनी विरळणी: एक-दोन जोमदार, खुंटाला घट्ट धरलेले फुटवे ठेवायचे, बाकीचे काढायचे. हा हात आखडला की बल्लीऐवजी काटक्या मिळतात. माझ्या मते या शेतीतलं खरं कसब लागवडीत नाही, या दोन कामांत आहे.

पण खोडवा कायमचा नसतो. दोन-तीन तोडण्यांनंतर काही खुंट वाळतात, काहींना वाळवी लागते, उतारा घटतो. 2000 नंतर दक्षिणेतून पसरलेल्या गाठमाशीला कोवळे फुटवेच आवडतात. पानांच्या शिरांवर, देठांवर गाठी येतात, वाढ खुंटते. बांधावर लावलेली निलगिरी शेजारच्या ओळींचं पाणी आणि ऊन खाते, तेव्हा शेजारी भांडायला येतो, आणि त्याचं चुकत नाही. भाव पडला तर झाड उभं ठेवता येतं, हा मोठा आधार. मात्र ठेवलेली बल्ली जाड होते आणि सेंटरिंगवाल्याच्या मापाबाहेर जाते. मग लगद्यासाठी कागद गिरणी, नाहीतर जळण. शेवटी द्राक्षं किंवा भाजीपाला लावायचा ठरला, तर तेच चिवट खुंट उपटायला जेसीबी बोलवावा लागतो, आणि त्याचं भाडं पहिल्या लागवडीच्या हिशेबात कुणीच धरलेलं नसतं.